वाचलेले तास कुणाचे?

इचलकरंजीसारख्या गावात कर सल्लागाराचं ऑफिस हा यंत्रमागाच्या धंद्याचाच एक भाग असतो. सूत कुठून आलं, सायझिंग कुणाकडे झालं, कापड कोणत्या पेढीला गेलं आणि पैसे किती दिवसांनी मिळाले, हे सगळं शेवटी त्याच टेबलावर येऊन पडतं. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे सेवा व्यवसायांची उत्पादकता वाढते का, ही चर्चा बहुतेक वेळा बँका आणि कॉल सेंटर यांच्याभोवती फिरते. मला तो प्रश्न अशा ऑफिसात नेऊन विचारायचा आहे, कारण आपल्या तालुक्यांमधला सेवा व्यवसाय साधारण याच आकाराचा आहे. एक सीए, दोन-तीन पगारी माणसं, आर्टिकलची म्हणजे सीएच्या उमेदवारीतली मुलं आणि शे-दीडशे पार्ट्या, म्हणजे अशील.

पुढच्या संवादातल्या दोघी कल्पित आहेत. त्यांचा वाद मात्र आज अनेक ऑफिसांत चालू आहे. मावशी तीस वर्षं हे ऑफिस सांभाळते आहे. भाची सीए झाली, पुण्यात एका मोठ्या फर्ममध्ये राहिली आणि आता मावशीची भागीदार होऊन येते आहे. महिन्याची पंधरा तारीख आहे. जीएसटीचं ‘टू-बी’, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांचा तक्ता, काल पोर्टलवर आलं, आणि ‘थ्री-बी’ हे महिन्याचं विवरणपत्र भरायला पाच दिवस उरले आहेत.

भाची : मावशी, आपली तीन मुलं दर महिन्याचा हा आठवडा एकाच कामात घालवतात. पार्टीच्या खरेदीतलं बिल टू-बीत दिसतंय का, एवढंच बघायचं. पार्टीने बिल नंबर पूर्ण लिहिलेला, पुरवठादाराने नुसता ‘४५’ टाकलेला. रक्कम रुपया-दोन रुपयांनी पुढेमागे. बिल महिनाअखेरचं, पण त्याने दाखवलं पुढच्या महिन्यात. यात माणसाने डोळे कशाला फोडायचे? व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोतून बिल वाचून टॅलीत नोंद टाकणं आणि ती टू-बीशी ताडून बघणं, दोन्ही आता यंत्राकडून होतं. जुळलेली बिलं ते बाजूला काढेल, अडलेली तेवढी आपल्यापुढे ठेवेल.

मावशी : करू दे की. टॅली आलं तेव्हा खतावणी लिहिणारे दिवाणजी म्हणाले होते, या पेटीवर विश्वास कसा ठेवायचा. मी तेव्हाही टॅलीच्या बाजूने होते. मला एवढंच सांग, या मुलांचे वाचलेले दिवस तू कशाला लावणार?

भाची : आणखी पार्ट्या घेऊ. आज दीडशे आहेत. त्याच माणसांत अडीचशे सांभाळता येतील.

मावशी : म्हणजे एकेका पार्टीकडे माझं आज जेवढं लक्ष आहे, तेवढंही उद्या राहणार नाही.

भाची : लक्ष जुळवणीतच संपतंय ना आत्ता?

मावशी : टॅली आल्यावरही आम्हाला हेच वाटलं होतं. हाताने लिहिणं संपलं, आता निवांत बसून सल्ला देऊ. नंतर १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. वर्षाकाठी विवरणपत्रांची रांग लागली. पुढे आयकराचं एआयएस, म्हणजे वार्षिक माहितीपत्रक, आलं आणि पार्टीचे कितीतरी व्यवहार खात्याला आधीच दिसायला लागले. संगणकाने जेवढा वेळ दिला, तेवढा संगणकामुळे वाढलेल्या कामानेच खाल्ला. आमच्या धंद्यात सोय आली की तिच्या मागून मागणी येते.

मावशीचा हा अनुभव तिच्या ऑफिसापुरता नाही. १९८७ मध्ये रॉबर्ट सोलो या अर्थशास्त्रज्ञाने म्हटलं होतं की, संगणक सगळीकडे दिसतो, उत्पादकतेच्या आकड्यांत मात्र दिसत नाही. सेवा व्यवसायात तर मोजायचं काय, इथूनच अडचण सुरू होते. कापड मीटरमध्ये मोजता येतं. टळलेली नोटीस कुठल्याच रजिस्टरला लागत नाही.

भाची : तुझं म्हणणं बरोबर आहे, आणि नेमकं त्याच कारणासाठी मला यंत्र हवंय. समोरची बाजू आधीच यंत्रावर गेली आहे. जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रात आणि थ्री-बीमध्ये ठरलेल्या मर्यादेपलीकडे फरक पडला की डीआरसी-०१बी ही सूचना आपोआप निघते. टू-बीपेक्षा जास्त क्रेडिट घेतलं की ०१सी. ती पाठवायला कुणी अधिकारी रात्रभर बसलेला नसतो. उत्तराला सात दिवस, आणि उत्तर दिलं नाही तर पुढचं जीएसटीआर-१ अडतं. पार्टीची विक्रीच थांबल्यासारखी होते, कारण तिच्या गिऱ्हाइकाला क्रेडिट दिसत नाही. खात्याने यंत्राच्या वेगाने विचारायचं आणि आपण हाताच्या वेगाने उत्तर द्यायचं, हे किती दिवस चालेल?

मावशी : हे मान्य. यात बिचाऱ्या लहान माणसाचा जीव जातो.

भाची : मग उत्तरांचे मसुदेही यंत्राकडून करून घेऊ.

मावशी : इथे मात्र थांब. मुंबई उच्च न्यायालयाचा ऑक्टोबर २०२५ मधला निकाल वाचलास ना? आयकर खात्याच्या फेसलेस केंद्राने एका कंपनीचं उत्पन्न कोट्यवधींनी वाढवलं आणि आधार म्हणून जे निकाल दिले, ते अस्तित्वातच नव्हते. न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि बजावलं की यंत्राने दिलेलं पडताळल्याशिवाय वापरू नका. ती पार्टी उच्च न्यायालयात जाऊ शकली. आपला चोवीस मागांचा कारखानदार जाईल? आणि उद्या आपण असं उत्तर पाठवलं तर? कमी उत्पन्न दाखवलं म्हणून दंड लागतो करावर पन्नास टक्के, चुकीची माहिती दिली असं ठरलं तर दोनशे टक्के. तो आपल्याला लागत नाही, पार्टीला लागतो.

भाची : पडताळणी हवीच. पण चुका माणसंही करतात.

मावशी : करतात. पण आपल्या आर्टिकलला कलम आठवत नसेल तर तो गडबडतो, माझ्याकडे येतो. त्याचा चेहरा सांगतो की इथे शंका आहे. यंत्र खरं आणि खोटं एकाच ठाम आवाजात सांगतं. आणि आपला कायदा तर सारखा हलतो. २२ सप्टेंबर २०२५ च्या आधी मानवनिर्मित सुतावर १२ टक्के आणि कापडावर ५ टक्के होते. त्या फरकावरच आपल्या किती पार्ट्यांचे परतावे उभे होते! आता दोन्हींवर ५. जुनं वाचून तयार झालेलं यंत्र तुला सहज १२ सांगेल. आयकराचा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू. १९६१ च्या कायद्यातली ८१९ कलमं जाऊन ५३६ आली, जवळजवळ प्रत्येक आकडा बदलला. त्यात आधीच्या वर्षांची प्रकरणं जुन्याच कायद्याखाली चालणार. कित्येक वर्षं दोन्ही कायदे एकाच टेबलावर असतील. साठ वर्षांचं लिखाण जुन्या आकड्यांनी भरलेलं आहे, आणि यंत्र त्यावरच पोसलेलं आहे.

भाची : म्हणून त्याला मोकळं सोडायचं नाही. चालू कायदा, अधिसूचना, परिपत्रकं आपण समोर ठेवायची आणि त्यातूनच उत्तर दे म्हणायचं. ज्याने मसुदा केला त्याने प्रत्येक निकाल मूळ ठिकाणी उघडून वाचायचा. न वाचलेला निकाल पत्रात जाणार नाही, हा ऑफिसचा नियम करू.

मावशी : लिहून भिंतीवर लाव. आणि पार्टीची कागदपत्रं? १९४९ च्या सीए कायद्याने अशिलाची माहिती बाहेर देणं हा व्यावसायिक गैरवर्तनाचा मुद्दा आहे. फुकटच्या चॅटमध्ये ताळेबंद चिकटवणारी मुलं मी ऐकून आहे.

भाची : तिथे माझंही धोरण कडक आहे. पैसे मोजून घेतलेली सेवा, करारात लिहिलेलं की आपली माहिती त्यांच्या शिकवणीला वापरणार नाहीत, आणि नाव, पॅन, खाते क्रमांक काढूनच कागद आत जाणार. वैयक्तिक माहितीचा २०२३ चा कायदाही आहेच.

मावशी : ठीक. आता माझ्या खऱ्या काळजीकडे येते. जुळवणीला तू नुसतं डोळेफोड काम म्हणालीस. मी तिथेच शिकले. एका पार्टीची सगळी बिलं टू-बीशी जुळत होती, पैशाचा फरक नव्हता. पण बिलं हाताखालून जाताना मुलीच्या लक्षात आलं की सुताचे किलो महिन्यागणिक वाढताहेत आणि कापडाचे मीटर तेवढेच आहेत. मग सूत गेलं कुठे? माल पडून आहे, का कापड बिलाशिवाय बाहेर जातंय? चौकशी केल्यावर कळलं, गोदामात न खपलेले तागे साचलेत आणि मालक घरीही सांगत नाहीये. यंत्राने सांगितलं असतं, सर्व बिलं जुळली. आणि ते खरंच होतं. तो माणूस बुडत होता, हेही खरं होतं.

भाची : हे यंत्राला विचारता येईल की. किती किलो सुतात किती मीटर कापड निघावं, हे कापडाच्या प्रतीवरून काढता येतं. मी ते सगळ्या पार्ट्यांना एकदम लावेन.

मावशी : हा प्रश्न विचारायचा असतो, हे तुला कुणी सांगितलं?

भाची : आत्ता तू सांगितलंस. मग तुझ्याकडे आणि अकाउंटंट काकांकडे असे जेवढे प्रश्न आहेत तेवढे मला दे. मी ते लिहून काढते, यंत्रात बसवते, आणि काल आलेला मुलगाही उद्यापासून ते विचारेल. अमेरिकेत याचा नीट अभ्यास झालाय. ब्रिन्योल्फसन, ली आणि रेमंड या तिघांनी ग्राहकांना मदत करणाऱ्या पाच हजारांहून जास्त लोकांचं काम तपासलं. यंत्र संभाषणाच्या मध्येच त्यांना उत्तर सुचवायचं. २०२३ च्या त्यांच्या मसुद्यात सरासरी वाढ १४ टक्के आहे, पण नवख्यांची ३४ टक्के. मुरलेल्यांना जवळपास काहीच फायदा नाही. कारण यंत्र मुरलेल्यांचीच पद्धत शिकलं होतं आणि ती नवख्यांना देत होतं. मावशी, यात मला न्याय दिसतो. पुण्या-मुंबईच्या मोठ्या फर्ममध्ये नव्या मुलाला विचारायला दहा वरिष्ठ असतात. आपल्याकडे येणाऱ्या खेड्यातल्या मुलीला फक्त तू आहेस, आणि तू वीस तारखेपर्यंत कामात बुडालेली असतेस.

मावशी : ते खरं आहे. ती मुलगी दाराशी येऊन परत जाते, मी बघते. पण त्या अभ्यासात ज्यांचं ज्ञान घेतलं, त्यांना काय मिळालं?

भाची : त्यासाठी वेगळं काही मिळालं नाही. मोबदल्याचा हा प्रश्न त्या संशोधकांनीही नोंदवलाय.

मावशी : मग काकांना आपण काय सांगणार? बावीस वर्षं त्यांनी इथे डोकं घातलंय. कुठली सायझिंग बिलं उशिरा देते, कुठल्या पेढीचा धनको-ऋणकोंचा हिशेब मार्चमध्ये फिरतो, हे त्यांना पाठ. ते त्यांनी तुला सांगायचं, तू यंत्रात घालायचं, आणि मग निम्म्या पगाराचा मुलगा त्यांच्या जागी बसणार? पहिल्या वर्षी उत्पादकता वाढेल. दुसऱ्या वर्षापासून या ऑफिसात कुणी कुणाला काही सांगणार नाही.

इथे मी मावशीच्या बाजूने आहे. सेवा व्यवसायाचं भांडवल माणसांच्या डोक्यात असतं, आणि ते रोजच्या बोलण्यातून एकाकडून दुसऱ्याकडे जातं. ते एकदाच उपसून घेता येईल असं समजणारा मालक पुढच्या वर्षीच्या बदलांना उत्तर कुठून आणणार? सुताचा दर बदलला तेव्हा परताव्याचं काय होणार, हे आधी एखाद्या माणसालाच सुचावं लागतं. यंत्रविक्रेत्यांच्या बोलण्यात हा प्रश्न मला क्वचितच ऐकू येतो, आणि म्हणून तो कामावर ठेवणाऱ्यांनीच विचारला पाहिजे.

भाची : काकांना काढण्याचा विचार माझ्या मनात नाही.

मावशी : तुझ्या मनात नाही. तुझ्या हिशेबात आहे. दीडशेच्या अडीचशे पार्ट्या आणि माणसं तेवढीच, हा हिशेब कुणाच्या तरी घामावर नाहीतर कुणाच्या तरी नोकरीवर बसतो. आणि मुलांचं काय? नव्या योजनेत, १ जुलै २०२३ पासून, आर्टिकलशिप तीन वर्षांची दोन वर्षांवर आली. शिकायचा काळ आधीच एक तृतीयांश कमी झाला. उरलेल्या दोन वर्षांत त्याने यंत्राने काढून दिलेले फरक फक्त बघायचे, तर बिल वाचायचं कसं हे त्याला कळणार कधी? पाच वर्षांनी सही त्याची असेल.

भाची : मग असं करू. प्रत्येक नव्या मुलाला एक लहान पार्टी द्यायची, एक तिमाही पूर्ण हाताने. बिलापासून विवरणपत्रापर्यंत, यंत्र न लावता. त्यानंतर यंत्राचं उत्तर आणि त्याचं उत्तर शेजारी ठेवायचं, आणि फरक त्यानेच तुला समजावून सांगायचा.

मावशी : तिमाही पुरणार नाही. मार्च यायला हवा त्यात. वर्षाखेर बघितल्याशिवाय हिशेब कळत नाही.

भाची : बरं, वर्ष. पण आता तू मला एक सांग. दीडशे पार्ट्यांपैकी उधारी किती दिवसांवर गेली, हे तू कितीजणांचं बघतेस?

मावशी : जे येऊन बसतात, बोलतात, त्यांचं.

भाची : आणि जे बोलत नाहीत त्यांचं?

मावशी : …

भाची : मी मागच्या आठवड्यात आपल्याच टॅलीतून काढून बघितलं. खर्चीवाला आहे, व्यापाऱ्याचं बीम घेऊन पिकावर, म्हणजे आडव्या धाग्यांच्या मोजणीवर, मजुरीने विणतो. त्याचे पैसे आधी साठ दिवसांनी यायचे, मग नव्वद, आता चार महिने. सगळं एकाच पेढीकडे अडकलंय. सूक्ष्म उद्योजकाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यायचे, नाहीतर व्यापाऱ्याला तो खर्च पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत आयकरात वजा मिळत नाही, हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. तो दर महिन्याला येतो, पिशवीतून बिलं काढून ठेवतो आणि जातो. आपल्या नोंदीत तो ‘वेळेवर भरलेला’ आहे. तू चांगली आहेस मावशी, पण तुझं चांगलेपण बोलणाऱ्यांच्या वाट्याला जास्त येतं. यंत्राला बोलके आणि अबोल सारखेच.

मावशी बराच वेळ त्या खात्याकडे बघत राहते. तिने त्या माणसाचं विवरणपत्र वर्षानुवर्षं भरलेलं आहे. भाचीचा हा मुद्दा मला या सगळ्या वादात सर्वांत वजनदार वाटतो. माणसाचं लक्ष मोलाचं असतं, पण ते सारखं वाटलं जात नाही. ओळखीचा, शिकलेला, हक्काने खुर्ची ओढून बसणारा माणूस ते जास्त घेऊन जातो. प्रत्येक खातं दर महिन्याला एकदा तरी उलगडून बघितलं जाणं, ही गोष्ट लहान ऑफिसाला आजवर परवडतच नव्हती. ती आता परवडू शकते.

मावशी : त्याला बोलावून घे. पण त्याला कलम वाचून दाखवू नकोस. त्या पेढीने बीम बंद केलं तर त्याचे माग दुसऱ्या दिवशी थांबतील. २०२४ च्या मार्चआधी हेच झालं ना? कायदा लहान माणसासाठी आला आणि काही व्यापाऱ्यांनी लहान माणसाकडून माल घ्यायचंच टाळलं. आधी त्याला दुसऱ्या पेढीचं काम मिळतंय का बघावं लागेल. मी दोघा-तिघांना ओळखते.

भाची : हे यंत्राने सुचवलं नसतं.

मावशी : आणि त्याचं खातं मला दिसलं नसतं. आता फीचं बोल. तो दर विवरणपत्रामागे पैसे देतो. काम निम्म्या वेळात झालं हे कळलं की शेजारचं ऑफिस निम्मी फी सांगेल.

भाची : सांगू दे. आपण फी तीच ठेवू आणि दर तीन महिन्यांनी प्रत्येक पार्टीला तासभर समोर बसवू. उधारी, साठा, येणारे बदल. वाचलेला वेळ त्यात जाईल.

मावशी : म्हणजे अडीचशे पार्ट्या होणार नाहीत.

भाची : … नाही. एकशे सत्तर होतील फार तर. मोठ्या पार्ट्यांकडून सल्ल्याची वेगळी फी घेऊ.

मावशी : मोठे देतील. खर्चीवाला बोलण्याचे पैसे देणार नाही, आणि मी मागणारही नाही.

भाची : मग यंत्राचं वर्षाचं शुल्क, काकांची पगारवाढ आणि हे तास, तिन्ही एकदम बसत नाहीत. मी मांडून बघितलंय. पहिल्या वर्षी पगारवाढ पुढे ढकलावी लागेल.

मावशी : नाही. शुल्काचा छोटा प्रकार घे, कमी पार्ट्यांपुरता. आधी सूत आणि सायझिंगवाले घे, त्यांची बिलं जास्त. बाकीच्यांचं हाताने चालू दे अजून वर्षभर.

भाची : त्याने फायदा अर्धवट दिसेल, मावशी. पुण्यात आम्ही असंच टप्प्याटप्प्याने केलं आणि दोन्ही पद्धती चालवण्यातच माणसं दमली.

मावशी : मग तुझे आकडे घेऊन ये, माझ्या टेबलावर नाही, बाहेरच्या मोठ्या टेबलावर. काकांना आणि तिन्ही मुलांना बसव. काकांच्या डोक्यातलं काय काय हवंय, ते त्यांच्यासमोर सांग, आणि त्याचे किती देणार, तेही त्यांच्यासमोरच ठरव. वीस तारीख झाली की एकवीसला बसू.

भाची : एकवीसला टीडीएसची कामं आहेत.

मावशी : ती संध्याकाळी. सकाळी हे.